परदेशी सेवाकार्याला मंडळीने हात कसा द्यावा: पहिल्या बैठकीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

पुष्कळ मराठी मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, हिशेबात ‘मिशन’ नावाचं एक खातं असतं. कापणीच्या सणाला त्यात काही जमतं, नाताळाच्या आधी कोणीतरी पाहुणे मिशनरी येऊन स्लाइड दाखवतात, त्यांच्या हाती पाकीट दिलं जातं आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय संपतो. हे दान आहे, चांगलंच आहे, पण याला पाठबळ म्हणता येणार नाही. परक्या देशात घर थाटून राहिलेल्या माणसाला दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यावं लागतं. त्याला ठरलेला, लहान का होईना, पण न चुकणारा हप्ता हवा असतो आणि त्यामागे त्याला नावानिशी ओळखणारी माणसं हवी असतात.

आपण दीडशे वर्षं याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला होतो. फेब्रुवारी 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला सुरू झालं आणि शाळांपासून छापखान्यापर्यंतचा पैसा मुख्यतः बोस्टनच्या मिशन बोर्डाकडून येत राहिला. त्यामुळे हप्ता उशिरा आला की काय होतं, पाठवणारा दुरून हुकूम सोडू लागला की काय होतं, हे आपल्या जुन्या मंडळ्यांना ऐकून तरी माहीत आहे. पुढचं सगळं वाचताना ती आठवण जवळ ठेवा.

आधी समिती, मग पैसा

पाळकसाहेबांनी एकट्याने ठरवलेलं मिशनकार्य त्यांची बदली झाली की थांबतं. म्हणून पंचकमिटीच्या, म्हणजे मंडळीच्या कार्यकारिणीच्या, ठरावाने पाच ते सात जणांची वेगळी मिशन समिती नेमा. त्यात खजिनदार असावा, महिला मंडळाच्या दोघी असाव्यात, तरुण संघातला एक जण असावा आणि जमल्यास परदेशात नोकरी करून परतलेलं कोणीतरी असावं. या शेवटच्या माणसाला व्हिसा, भाडं, परकी भाषा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

समितीचं पहिलं काम म्हणजे एक पानी धोरण लिहिणं. त्यात पाच गोष्टी याव्यात: मंडळीच्या दानार्पणाचा किती टक्के भाग बाहेरच्या कामाला जाईल, एका माणसाला किती वर्षं साथ देऊ, निवड कोण करील, हिशेब कधी मांडला जाईल आणि कोणत्या कामाला आपण पैसे देणार नाही. शेवटचा मुद्दा लिहायला सगळ्यांनाच अवघड जातं, पण तोच सर्वांत उपयोगी पडतो. मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याचा भाचा ‘सेवेसाठी’ तीन महिने परदेशी निघाला आणि तिकिटाचे पैसे मागू लागला की त्या कागदाकडे बोट दाखवता येतं.

पैशाच्या बाबतीत बायबलमधल्या प्रेषित पौलाचा शिरस्ता पाळा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेलं दान त्याने एकट्याने नेलं नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय समितीच्या पहिल्या बैठकीत मोठ्याने वाचा. बँकेत दोन सह्या लागतील अशी व्यवस्था त्याच दिवशी करा.

कोणाला हात द्यायचा

बायबलमधल्या अंत्युखिया शहराच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना पाठवलं, म्हणजे आपली सर्वांत कामाची माणसं दिली. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. इथे कुठे जम बसत नाही, तर बाहेर जाऊन बघू द्या, असा विचार असतो. जो आपल्या गल्लीत शेजाऱ्याशी बोलत नाही तो नैरोबीत बोलेल असं मानायला काही आधार नाही. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की उमेदवाराने आपल्या मंडळीत किंवा शेजारच्या वस्तीत गेली दोन-तीन वर्षं काय केलं.

दुसरा प्रश्न: तिकडे कोणी बोलावलंय का? तिथल्या स्थानिक मंडळीचं लेखी बोलावणं हवं, त्यात काम कोणतं आणि तो कोणाच्या हाताखाली राहील हे नमूद हवं. तिसरा: पाठवणारी नोंदणीकृत संस्था कोणती, तिचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतात का? चौथा, भाषा शिकायला किती काळ राखून ठेवलाय? निदान एक वर्ष फक्त भाषेचं असावं. त्या वर्षी ‘कामाचा अहवाल’ मागू नये, भाषेचा मागावा.

पाठबळ म्हणजे फक्त इथून माणूस पाठवणं नव्हे. तिथल्याच स्थानिक सुवार्तिकाचं, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगणाऱ्याचं, प्रशिक्षण, भाषांतराचं काम, दवाखाना हेही येतं. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या साध्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. ती पद्धत शिकायला पुढे अनेक देशांतून लोक तिथे आले. एखाद्या देशातल्या परिचारिकेला असं शिकून परत जायला मदत करणं हे इमारतीला पैसे देण्यापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं.

जवळचंही पाहा. पुण्यात आफ्रिकेतले, आखातातले, नेपाळचे कितीतरी विद्यार्थी शिकतात. मुंबई बंदरात जहाजावरचे खलाशी महिनोन्‌महिने घरापासून दूर असतात. त्यांना घरी जेवायला बोलवायला व्हिसा लागत नाही. मंडळीला परक्या माणसाशी बोलायची सवय लागते ती इथे. आणि आपल्याच मंडळीतली जी मुलगी परिचारिका म्हणून परदेशी निघालीय, तीही पाठवलेलीच आहे असं समजून तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करा. पौलही तंबू शिवूनच आपलं पोट भरत होता.

खर्चाचा कागद

इथेच बहुतेक मंडळ्या गडबडतात. उमेदवार संकोचाने कमी सांगतो, समिती त्यात आणखी काटछाट करते आणि दुसऱ्या वर्षी तो माणूस कर्जात असतो. खर्चाचा कागद त्याच्याकडून नव्हे, तर त्याच गावात राहणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाकडून पडताळून घ्या.

घरभाडं, जेवण, प्रवास हे सगळ्यांना सुचतं. विसरलं जातं ते असं: व्हिसाचं नूतनीकरण, आरोग्यविमा, भाषेच्या शिक्षकाची फी, मुलांची शाळा, दोन-तीन वर्षांनी घरी यायचं भाडं, तातडीने देश सोडावा लागला तर लागणारी रक्कम, आई-वडील इथे आजारी पडले तर धावत येण्याचं तिकीट आणि म्हातारपण. या शेवटच्या बाबीवर समितीत हसू येतं. वीस वर्षं सेवा करून साठाव्या वर्षी परतलेल्या माणसाचा ना भविष्यनिर्वाह निधी ना घर, हे चित्र पाहिल्यावर हसू येत नाही.

आणखी एक खोड आपल्याकडे आहे. एकट्या बाईला ‘तिला काय लागतं’ म्हणून निम्मी रक्कम धरली जाते. सिंथिया फरार 1827 मध्ये अविवाहित म्हणून अमेरिकेहून निघाली, आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवत 1862 मध्ये इथेच वारली. तिच्या कामाचं वजन कोणत्या मिशनरी जोडप्यापेक्षा कमी होतं? उलट एकटीला भाड्यात भागीदार नसतो आणि सुरक्षित वस्तीतलं घर घ्यावं लागतं, त्यामुळे तिचा खर्च निम्मा कधीच येत नाही.

आता आकडे. समजा एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च 90,000 रुपये ठरला. एकट्या मंडळीने तो उचलू नये. तीन मंडळ्यांनी मिळून उचलावा, म्हणजे एकीत भांडण झालं तरी चूल बंद पडत नाही. आपला वाटा 30,000. शंभर कुटुंबांनी महिना 300 रुपयांचं वचन दिलं तर कागदावर भागतं. पण शंभरच्या शंभर दर महिन्याला देत नाहीत. सुरुवातीला ऐंशी जण देतील असं धरा, म्हणजे 24,000 हाती येतात. कळवायचा आकडाही 24,000 च. वर जमेल ते राखीव निधीत टाका. निदान तीन महिन्यांचा हप्ता राखीव असल्याशिवाय पहिला हप्ताही पाठवू नका.

वचनाचे पैसे कसे जमतात

शहरातल्या पगारदार मंडळीला महिन्याचं पाकीट किंवा क्यूआर कोड चालतो. गावातल्या मंडळीला तो चालत नाही, कारण तिथे पैसा महिन्याने येत नाही. उसाचं बिल कारखान्याकडून कधी येईल ते कारखानाच जाणे, कांदा आज सोनं तर उद्या खत. अशा ठिकाणी वर्षाचं वचन घ्या आणि ते हंगामानंतर भरू द्या. त्यासाठीच राखीव निधी लागतो, नाहीतर परदेशातल्या माणसाचा जून-जुलै कोरडा जातो.

कापणीच्या सणाचा लिलाव हे आपलं जुनं साधन आहे. उपासना संपली की आवारात ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबडी, कोणाच्या घरची अंडी मांडली जातात. मग एखादे आवाजी काका टेबलावर उभे राहतात, आणि वीस रुपयांचा नारळ ‘एक वार, दोन वार’ करत हजारावर जातो, पुन्हा दान होतो, पुन्हा विकला जातो. यातली काही रक्कम मिशन खात्याची असेल असं लिलाव सुरू होण्याआधी जाहीर करा. नंतर ठरवलं तर कुरबुर होते.

रोजची सवय लावायची तर मिझोरमकडे पाहावं. तिथल्या बायका दर वेळी भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो चर्चला जातो, विकला जातो आणि त्यातून दूरदूरच्या सेवकांचे पगार होतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात सुरू झालेली ही रीत अजून चालू आहे. आपल्याकडेही शाळा-वसतिगृहांसाठी मुष्टिफंड होता, म्हणजे कल्पना परकी नाही. महिला मंडळाच्या हाती सोपवली तर ती वर्षभरात रुजते. पुरुषांच्या समितीकडे दिली तर आधी उपसमिती नेमली जाते.

वचनपत्रावर नाव, रक्कम, मुदत आणि सही. रक्कम जाहीर वाचू नये. तीन महिन्यांनी प्रत्येकाला त्याच्या खात्याचा उतारा द्यावा, तगादा लावू नये. घरात आजारपण आलं, नोकरी गेली तर वचनातून मोकळं करण्याचा अधिकार समितीकडे आहे हे पत्रावरच छापा.

कायद्याची बाजू

हा भाग कंटाळवाणा आहे आणि टाळताही येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून शेवटी सनदी लेखापालाला विचारूनच पुढे जा. पण त्याच्याकडे जाण्याआधी एवढं माहीत हवं.

महाराष्ट्रातली मंडळी सहसा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, किंवा तिची मालमत्ता वरच्या न्यासाकडे असते. न्यासपत्रातल्या उद्देशांत बाहेरचं सेवाकार्य बसतं का ते आधी पाहा. धर्मादाय न्यासाने आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्यावर आयकराची सवलत सहसा मिळत नाही, त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. ज्याला सगळे ऐंशी-जी म्हणतात ती देणगीदाराची सवलतही निव्वळ धार्मिक कामाच्या दानावर मिळत नाही. हे देणाऱ्याला आधीच सांगा.

रिझर्व्ह बँकेची जी उदार प्रेषण योजना आहे, एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत परदेशी पाठवण्याची, ती फक्त निवासी व्यक्तीसाठी आहे, न्यासासाठी नाही. त्यावरून काही जण शक्कल लढवतात: मंडळीचे पैसे खजिनदाराच्या खात्यात टाकायचे आणि त्याने स्वतःच्या नावाने पाठवायचे. हे कधीही करू नका. त्याच्या पॅनवर परक्याचा पैसा चढतो, मंडळीच्या हिशेबात भोक पडतं आणि उद्या चौकशी झाली तर दोघेही अडकतात. हवाला किंवा ‘जाणाऱ्याच्या हाती रोख’ याविषयी तर बोलायलाच नको.

मग वाट कोणती? आधीच्या खर्चाच्या कागदाकडे परत जा. परदेशी सेवकाच्या खर्चातला बराच भाग भारतातच, रुपयांत होतो: जाण्याआधीचं प्रशिक्षण, विमान तिकीट, इथे घेतलेला विमा, वसतिगृहात ठेवलेल्या मुलांची फी, आई-वडिलांचं औषधपाणी, निवृत्तीची बचत. मंडळीने हा भाग उचलावा, तोही पाठवणाऱ्या भारतीय संस्थेमार्फत, पावतीसह. तिकडच्या रोजच्या खर्चासाठी ज्यांची इच्छा आहे त्या व्यक्तींनी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर, बँकेत परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून आणि देणगीचा योग्य हेतू लिहून पाठवावं. सध्या वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंत अशा प्रेषणावर स्रोतावर कर (टीसीएस) गोळा केला जात नाही, त्यापुढच्या रकमेवर 20 टक्के लागतो. सामान्य कुटुंबाचा तिथवर संबंध येत नाही.

उलट दिशेचा पैसा जास्त धोक्याचा. अमेरिकेत स्थायिक झालेले आपले नातेवाईक उत्साहाने म्हणतात, ‘आम्हीपण तुमच्या मिशन खात्यात टाकतो.’ त्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असतील तर ते परदेशी योगदान ठरत नाही. पासपोर्ट बदलला असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ते परदेशी योगदान ठरतं आणि परदेशी योगदान कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेला तसा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. अशा नातेवाइकांना सांगा की त्यांनी आपल्या तिकडच्या मंडळीतून थेट त्या सेवकाला साथ द्यावी.

आणि ज्या देशात माणूस जातोय तिथला कायदा वाचा. नेपाळ जवळचा वाटतो, पासपोर्टशिवाय जाता येतं, पण तिथे 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन काम करणं हा कुठेही खोटेपणाच. शिक्षक म्हणून जाणाऱ्याने खरोखर चांगलं शिकवावं.

पत्र, फोन आणि मौन

महिन्यातून एकदा उपासनेत पाच मिनिटं त्या सेवकाच्या पत्रासाठी राखा. पाचच. ते पत्र दर वेळी वेगळ्या माणसाने वाचावं, रविवारच्या शब्बाथशाळेतल्या मुलानेही. फोनवर मात्र ‘किती बाप्तिस्मे झाले?’ हा प्रश्न समितीने विचारू नये. आकडा मागितला की आकडा मिळतो, तो खरा असेलच असं नाही. दाढेचं दुखणं थांबलं का, घरमालकाने पाण्याचा प्रश्न सोडवला का, मुलगी नव्या शाळेत कोणाशी बोलते का, हे विचारा. परक्या देशात पहिल्या पावसाळ्यात माणूस सुवार्तेमुळे नव्हे, ओल्या भिंती आणि एकटेपणा यांमुळे खचतो. मेतकूट, भाजणी, कांदा-लसूण मसाला पाठवायचा असेल तर आधी तिथल्या टपाल-कस्टमचे नियम पाहा, नाहीतर पार्सलपेक्षा दंड मोठा व्हायचा.

संवेदनशील देशातल्या सेवकाचं नाव, गाव, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतात आणि त्यातला एकजण ‘प्रार्थनेसाठी’ म्हणून पुढे ढकलतोच. टोपणनाव ठरवा, छापील बातमीपत्रात देशाऐवजी ‘आपले दूरचे बंधू’ लिहा. तिथल्या मुलांचे चेहरे तर कुठेच नकोत.

भेटीला जायचं झालं तर एक-दोन जणांनी जावं, सेवकाने बोलावलं तेव्हाच, आणि त्याच्या सोयीने. पंधरा जणांची ‘मिशन ट्रिप’ म्हणजे यजमानाच्या दोन आठवड्यांच्या कामाचा चुराडा. अनाथाश्रमांच्या भेटी टाळाच. नेपाळ आणि कंबोडियात पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आई-बाप जिवंत असलेली मुलंही आश्रमांत आणून ठेवल्याचं उघड झालेलं आहे.

घरी आल्यावर

रजेवर आलेल्या कुटुंबाला पहिल्या रविवारी प्रवचनाला उभं करू नका. आधी झोपू द्या. समितीने त्यांच्यासाठी दोन-तीन महिन्यांचं घर, सिमकार्ड, मुलांच्या शाळेत तात्पुरता प्रवेश आणि एक पूर्ण वैद्यकीय तपासणी हे येण्याआधीच लावून ठेवावं. मग दोन समजूतदार माणसांनी, पाळकांव्यतिरिक्त, एक संध्याकाळ फक्त ऐकायला बसावं. तिथे निघालेलं बोलणं इतिवृत्तात जाणार नाही हे आधी सांगावं. कायमचं परतणाऱ्यांना तर नोकरी शोधायला वर्ष लागू शकतं, तेवढ्या काळाचा अर्धा हप्ता धोरणातच लिहून ठेवा.

हप्ता कमी करत नेणं

पैसे कधी थांबवायचे हे पैसे सुरू करतानाच ठरवावं लागतं. 1854-55 मध्ये बोस्टनच्या मिशन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन मुंबई-नगरला आले. इथल्या मंडळ्यांनी स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःच पुढे पसरावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी इंग्रजी शाळांवर कात्री चालवली ते पुष्कळांना रुचलं नाही आणि त्यावर आजही वाद घालता येईल. पण मूळ मुद्दा बरोबर होता. पन्नास वर्षांनी, 1905 च्या नाताळाच्या दिवशी, श्रीरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली ती भारतीय माणसं, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्थापन या तत्त्वावर. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपलं अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातलं नव्हे.

स्थानिक सुवार्तिकाला किंवा प्रकल्पाला साथ देत असाल तर करार पाच-सहा वर्षांचा करा. पहिली दोन वर्षं पूर्ण रक्कम, मग दर वर्षी चौथा हिस्सा कमी, आणि तेवढा तिथल्या मंडळीने भरावा. तिचा वाटा पैशात नसला तरी चालेल: धान्य, राहायला खोली, मजुरी. हे वेळापत्रक त्यांच्याशी बोलून ठरवा, त्यांच्या भाषेत लिहून द्या. इमारतीला पैसे देणार असाल तर जमीन आणि इमारत तिथल्या मंडळीच्या नावावर हवी, आपल्या नावाची पाटी नको.

दर वर्षी एकदा, वार्षिक सभेच्या महिनाभर आधी, समितीने तीन कागद समोर ठेवून बसावं: सेवकाचा खर्चाचा नवा कागद, वचनपत्रांपैकी प्रत्यक्ष किती भरलं याचा तक्ता आणि तिथल्या स्थानिक मंडळीचं पत्र. तिसरा कागद आला नसेल तर वाढीव रक्कम मंजूर करू नये, चालू हप्ता मात्र थांबवू नये, आणि पत्र का आलं नाही हे सेवकाला नव्हे तर त्या मंडळीच्या पाळकांना फोन करून विचारावं.